दूर उत्तरेकडच्या छोट्या वस्त्यांनी थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांना आपलंसं कसं करावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की स्वागताची पिशवी, माहितीपुस्तिका आणि महिन्यातून एखादा सांस्कृतिक कार्यक्रम असं काहीतरी तुमच्या डोक्यात आहे. ते सगळं बाजूला ठेवा. आलेल्या माणसाला जेवायला कुणाशेजारी बसवता आणि त्याच्याकडून काही काम करून घेता की नाही, यावर सगळं ठरतं. बाकीची नुसती हौस.

हे मी स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंडच्या अनुभवावरून सांगतेय. जवळपास ७९ अंश उत्तर. १९६२च्या स्फोटात २१ माणसं गेली आणि तिथली कोळशाची खाण कायमची बंद पडली; आता ती संशोधकांची वस्ती आहे. भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८पासून तिथेच आहे, गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचं. हिवाळ्यात तीसेक माणसं, उन्हाळ्यात शंभराच्या वर. त्यात कायमचा रहिवासी एकही नाही. वस्ती चालवणाऱ्या किंग्ज बे या सरकारी कंपनीची माणसंसुद्धा काही वर्षांच्या बोलीवर आलेली असतात. म्हणजे तुमचा प्रश्न तिथे रोजचाच.

मी गेले होते एका प्रकल्पातर्फे, हवेतले सूक्ष्म कण मोजायला, एप्रिलमध्ये. लाँगइयरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावाहून छोट्या डॉर्निअर विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोचतो. माझ्याबरोबर आमच्या गटातले एक ज्येष्ठ होते, त्यांना इथे नुसतं 'सर' म्हणते. सरांचं तत्त्व एकच : "महिनाभरासाठी आलोय, ओळखी कशाला वाढवायच्या? आपलं काम भलं, आपण भले." मेसमध्ये खिडकीजवळचं एक टेबल त्यांनी पहिल्याच दिवशी 'आपलं' ठरवून टाकलं. आपण सगळे तिथेच बसायचं, मराठी-हिंदीत बोलायचं, ताट उचलून निघायचं. रेडी-टू-ईटच्या पाकिटांची त्यांची एक वेगळी बॅगच होती.

आता त्या मेसची गंमत अशी की वस्तीत स्वयंपाक होतो तो तिथेच. जर्मन, फ्रेंच, इटालियन, कोरियन, चिनी, जपानी, सगळ्या केंद्रांची माणसं, शिवाय वीजघर सांभाळणारे, वर्कशॉपवाले, साफसफाईवाले, सगळे एकाच वेळी एकाच रांगेत. डॉक्टरेटवाल्यांचा कोपरा आणि पान्हेवाल्यांचा कोपरा असा प्रकार नाही. फोनमध्ये तोंड खुपसून बसायचीही सोय नाही. नॉर्वेच्या भूमापन खात्याची अँटेना तिथे फार दूरच्या क्वेसारांकडून, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकांच्या गाभ्यांकडून, येणारे रेडिओ तरंग टिपत असते, त्यात गोंधळ नको म्हणून वायफाय-ब्लूटूथ बंद. मग माणूस करणार काय? शेजारच्याशी बोलतो. मी पाहिलेल्या स्वागतांमध्ये याहून चांगली व्यवस्था नाही, आणि ती कुणी स्वागत म्हणून केलेलीही नाही.

मेसच्या फलकावर एक यादी लावलेली असायची. आठवड्याच्या शेवटी फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या, काठच्या लाकडी केबिनवर जायचं असेल त्यांनी नाव लिहायचं. आमच्यापैकी कुणाचं नाव नाही. सर म्हणाले, "आपण सरकारी पैशाने आलोय, सहलीला नाही." मी यादीपुढे घुटमळत होते तेवढ्यात स्वयंपाकघरातली एक नॉर्वेजियन बाई कपाटाची फडकी बदलता बदलता आली, माझ्या जाकिटावरची नावाची पट्टी वाचली आणि तिने माझं नाव स्वतःच लिहून टाकलं. स्पेलिंग चुकीचं. वर म्हणाली, रायफलचं प्रशिक्षण झालंय ना तुझं? मग तू हवीच आहेस.

हे 'हवीच आहेस' खोटं नव्हतं. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर ध्रुवीय अस्वलासाठी रायफल आणि त्याला घाबरवायचं फ्लेअर पिस्तूल लागतं, आणि ते चालवता येणारं माणूस प्रत्येक गटात लागतं. आल्या आल्या सगळ्यांना रेंजवर नेऊन शिकवतात. केबिनवर पोचल्यावर कुणी लाकडं फोडली, कुणी भट्टी पेटवली. दोघं किनाऱ्यावर अडकलेल्या हिमनगाचे तुकडे पिण्याच्या पाण्यासाठी आणायला गेले आणि त्यांच्यामागे रायफल घेऊन उभी राहिले मी. त्यांची पाठ माझ्याकडे, माझी नजर किनाऱ्यावर. जेमतेम आठवड्यापूर्वी आलेल्या, आयुष्यात कधी एनसीसीलाही न गेलेल्या बाईच्या भरवशावर ते दोघं वाकून निवांत बर्फ फोडत होते. त्या क्षणापासून मी तिथे पाहुणी उरले नाही. कितीही केक आणि भाषणं घातली असती तरी हे झालं नसतं.

रात्री (रात्र म्हणायची, बाहेर उजेडच) उकडलेल्या बटाट्यांवर मी डब्यातलं मेतकूट भुरभुरलं आणि वर लोणी घातलं. वर्कशॉपमधल्या माणसाने डबा हातात घेतला तो परत द्यायलाच तयार नाही.

आता सरांशी वाद झाला तो इथून पुढे. आमची यंत्रं वस्तीच्या जरा बाहेर, ग्रुवेबादेत म्हणजे खाणकामगारांच्या जुन्या आंघोळीच्या इमारतीत होती. छतावरून हवा ओढणाऱ्या नळीचा क्लॅम्प एका वादळात तुटला. सर लॅपटॉप उघडून पुरवठादाराला मेल लिहायला बसले. मी जेवायला गेले तेव्हा तुटका तुकडा खिशात होता, तो मेतकूटवाल्यापुढे ठेवला. त्याने कॉफी संपवली, व्हर्नियरने मापं घेतली आणि संध्याकाळपर्यंत स्टीलचा नवा क्लॅम्प हातात दिला. आतल्या बाजूला रबराची पट्टीसुद्धा चिकटवलेली, नळीला ओरखडा नको म्हणून.

सर आजही म्हणतात, तो त्याच्या नोकरीचाच भाग होता, ओळख नसती तरी केलं असतं. केलं असतं हो. फॉर्म भरून, सोमवारी, आणि रबराच्या पट्टीशिवाय.

पण क्लॅम्प सोडा. आमच्या नोंदींत ठरावीक सकाळी कणांची संख्या एकदम उसळायची आणि तासाभरात खाली यायची. सर ते वाऱ्याच्या दिशेशी जुळवत बसले होते, आलेखावर आलेख. मी जेवताना सहज विषय काढला तर तोच माणूस म्हणाला, त्या सकाळी आमचं बर्फ काढायचं मशीन तुमच्या इमारतीपर्यंत येतं, डिझेलवर चालतं. त्याच्या वेळा त्याने रुमालावर लिहून दिल्या. सगळे उंचवटे तंतोतंत जुळले, ते तास आम्ही नोंदींतून वगळले. खिडकीजवळच्या टेबलावर बसून हे कळलं असतं का? सर, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

म्हणून माझं मत असं की तात्पुरत्या माणसाशी जोडून घेणं हा चांगुलपणाचा भाग नाही, तो कामाचाच भाग आहे, दोन्ही बाजूंनी. वस्तीने त्याला पहिल्याच आठवड्यात काहीतरी खरं काम द्यावं, जे त्याच्याशिवाय अडेल असं. येणाऱ्याने 'थोड्याच दिवसांसाठी' ही सबब वापरू नये. थोडेच दिवस आहेत म्हणून तर घाई करायची!

आता लाँगइयरब्येन. तिथलं प्रकरण उलटं आहे. १९२०च्या स्वालबार्ड करारामुळे आणि नॉर्वेच्या धोरणामुळे कुठल्याही देशाच्या माणसाला तिथे व्हिसाशिवाय राहता येतं, थायलंड आणि फिलिपिन्सची कितीतरी कुटुंबं आहेत. ऐकायला झकास. पण घर बहुतेकांना नोकरीबरोबर मिळतं, नोकरी गेली की घर गेलं. सामाजिक सुरक्षेचं छत्र नाही, स्वतःचा खर्च स्वतः भागवता आला नाही तर परत जावं लागतं. २०२२मध्ये नियम बदलला : नॉर्वेचे नागरिक नसाल तर आधी मुख्य भूमीवरच्या नगरपालिकेत तीन वर्षं राहिलेलं असल्याशिवाय गावच्या निवडणुकीत मत नाही. वर्षानुवर्षं तिथे राहून, कर भरून, मुलं शाळेत घालून ज्यांनी आधी मतदान केलं होतं त्यांचाही हक्क गेला. नॉर्वेची कारणं आहेत, रशिया शेजारी आहे, सुरक्षेचा प्रश्न आहे, मान्य. तरी दरवाजा सताड उघडा ठेवून माणसाला जन्मभर ओसरीवरच बसवण्याचा हा प्रकार मला पटत नाही. तुमच्या वस्तीत असं होत असेल तर आधी घराचं आणि मताचं बघा, कार्यक्रम नंतर.

आणखी एक, जे खरं तर आधीच सांगायला हवं होतं. न्यू-ऑलेसुंड हे सोपं उदाहरण आहे. तिथे मुलं नाहीत, म्हातारी माणसं नाहीत, मूळ रहिवासी कधी नव्हतेच, आणि प्रत्येकाला पगार आहे. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुतमधल्या इन्युइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, गावांना हे जसंच्या तसं लावू नका. तिथे नर्सेस आणि शिक्षक येतात, वर्ष-दोन वर्षांत जातात, आणि गावाला दरवेळी नव्याने सगळं सांगत बसावं लागतं. शिवाय बाहेरून आलेल्यांचा तिथला इतिहास काही गोड नाही. १९५३मध्ये सरकारने क्युबेकच्या उत्तरेकडची इन्युइट कुटुंबं उचलून पार उत्तरेकडच्या ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूट या ठिकाणी नेऊन टाकली, माफी मागायला २०१० उजाडलं. अशा गावाने पाहुण्याचं स्वागत कसं करावं हे मी शिकवणं म्हणजे आगाऊपणा. तिथे जाणाऱ्याला मात्र सांगेन, आधी ऐकून घ्या, आणि थोड्या दिवसांच्या माणसावर लगेच विश्वास ठेवला नाही म्हणून रुसू नका.

खर्चाचं आणि निवासाच्या इमारतींचं तुम्ही विचारलंय, ते एखाद्या इंजिनियरला विचारा.

स्वतः जायचं ठरत असेल तर लोकरीचे चांगले मोजे घ्या, पाचसहा जोड. स्वालबार्डमध्ये मेसपासून कितीतरी हॉटेलांपर्यंत बूट दारात काढायचे, कोळशाची पूड आत येऊ नये म्हणून खाणवाल्यांनी लावलेली सवय खाण बंद झाली तरी चालू आहे. भोकं पडलेले मोजे घालून जर्मन प्राध्यापकासमोर बसायला फार लाज वाटते. आणि मेतकूट जास्तीचं न्या, एक डबा पुरत नाही.