आधी उजेड, मग कॅमेरा

प्रवासात आणि उघड्या निसर्गात छायाचित्रण करायला नुकतीच सुरुवात केलेल्या वाचकांच्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न येथे उत्तरासाठी घेतले आहेत. पहिला प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, म्हणून त्याचे उत्तरही सर्वांत सविस्तर दिले आहे.

प्रश्न : समोर उभे असताना डोंगर भव्य वाटतो, सरोवर निळेशार दिसते; पण घरी येऊन छायाचित्र पाहिले की डोंगर टेकडीएवढा आणि आकाश पांढरेफटक. माझे नेमके काय चुकते?

उत्तर : डोळा आणि कॅमेरा यांची पाहण्याची रीतच निराळी आहे, आणि तुमची निराशा त्या फरकातून आली आहे. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसते ते फक्त नजरेच्या मध्यभागी, जेमतेम दोन अंशांच्या टापूत. म्हणून नजर सतत फिरत राहते. आकाशाकडे जाताना बाहुली आकसते, झाडाखालच्या सावलीकडे वळताना मोठी होते, आणि अशा असंख्य तुकड्यांतून मन एक दृश्य जुळवते. ज्या शिखरावर नजर रेंगाळते, ते शिखर मनात मोठे होऊन बसते. कॅमेरा मात्र सारे दृश्य एकाच वेळी, एकाच मापाने टिपतो. त्यातून मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचा आवाका पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात साधारण २४ ते २८ मिलिमीटर भिंगाइतका, म्हणजे बराच रुंद असतो (हा आकडा जितका लहान, तितका आवाका रुंद). त्यामुळे दूरचे शिखर चौकटीत एका बारीक पट्टीपुरते उरते.

यावर दोन उपाय आहेत. शिखरच सांगायचे असेल तर ७० ते १०० मिलिमीटरच्या आसपासचे भिंग लावून बाकीचे दृश्य निर्धास्तपणे चौकटीबाहेर ठेवावे. रुंद भिंगच वापरायचे असेल तर पायाशी असलेले काहीतरी, म्हणजे एखादा दगड, गवताचा झुपका किंवा वळणारी पायवाट, जवळून चौकटीत घ्यावे, म्हणजे पाहणाऱ्याला अंतराचा अंदाज येतो. त्यासाठी अनेकदा गुडघ्यावर बसावे लागते. नवख्यांची बहुतेक छायाचित्रे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेली असतात, आणि त्यांतील पुढचा अर्धा भाग रिकामाच राहतो.

पांढऱ्या आकाशाचे कारण उजेडात आहे. भर दुपारी आकाश आणि सावलीतली जमीन यांच्या प्रखरतेत इतका फरक असतो की कॅमेऱ्याला एकाच चित्रात दोन्ही सांभाळणे कठीण जाते. सूर्य क्षितिजाच्या वर साधारण सहा अंशांपर्यंत असताना त्याच्या किरणांना हवेच्या कितीतरी जाड थरातून यावे लागते. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबूस प्रकाश पोहोचतो. माझ्या दृष्टीने या रंगापेक्षाही त्या प्रकाशाचा तिरपेपणा महत्त्वाचा आहे, कारण वस्तूंचा पोत उमटतो तो तिरप्या उजेडात.

एका सरोवराच्या काठावर मी पहाटे अंधारातच जाऊन बसले होते. समोर पाण्यात अर्धा बुडालेला खडक होता आणि पाण्याच्या रेषेलगत त्याला शेवाळाची बोटभर कड होती. सूर्योदयापूर्वी तो खडक म्हणजे नुसता करडा ठोकळा होता. पहिली तिरीप आडवी आली आणि त्याच्यावरचा प्रत्येक उंचवटा आपापली छोटी सावली टाकू लागला, शेवाळाची कड पेटल्यासारखी हिरवी झाली, तळाजवळच्या ओल्या भागावर तांबूस चमक आली. चाळीसएक मिनिटांनी सूर्य वर चढला तेव्हा तोच खडक पुन्हा सपाट झाला होता. या सगळ्या वेळात मी जागा बदलली नव्हती आणि भिंगही बदलले नव्हते. हा अनुभव स्वतः घेतल्याशिवाय पटत नाही, म्हणून तुम्हालाही सुचवते : सहज जाता येईल अशी एक जागा निवडा आणि तिचे एकाच बिंदूवरून पहाटे, दुपारी, सूर्यास्ताला आणि सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी अशी चार छायाचित्रे काढा. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिलीत की प्रवासात कोणत्या ठिकाणी किती वाजता पोहोचायचे याचा विचार तुम्ही आपोआप करू लागाल.

प्रश्न : मोबाईलवर शिकता येईल का, की आधी चांगला कॅमेरा आणि दोन-तीन भिंगे घ्यावीत?

उत्तर : मोबाईलवर अवश्य शिकता येईल. चौकट, उजेडाची दिशा आणि क्षणाची निवड या तिन्ही गोष्टींसाठी तो पुरेसा आहे. दोन सवयी मात्र लावून घ्याव्यात. पहिली, पडद्यावर मुख्य विषयावर बोट दाबून धरावे, म्हणजे बहुतेक मोबाईलमध्ये फोकस आणि उजेड तेथेच स्थिर होतात. मग बोट वर-खाली सरकवून चित्र उजळ किंवा गडद करता येते. दुसरी, भिंगाची स्वतःची मर्यादा संपल्यावर होणारा डिजिटल झूम टाळावा, कारण तो चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो. शक्य तेथे चालत पुढे जावे. दूरचे पक्षी, मंद उजेडातील हालचाल आणि शटरच्या वेगावर, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो यावर, पूर्ण ताबा यांची ओढ लागली की कॅमेऱ्याचा विचार करावा. भिंगांच्या बाबतीत घाई नको. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतांश काम ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगावर केले. एका भिंगाचा आवाका डोळ्यांत मुरला की कॅमेरा वर उचलण्याआधीच चौकट दिसू लागते.

प्रश्न : पूर्ण मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवून, काढल्याशिवाय छायाचित्रण येत नाही असे म्हणतात. हे खरे आहे का? बर्फाची माझी सगळी छायाचित्रे करडी का आली?

उत्तर : मॅन्युअल मोड हे साधन आहे, पात्रतेची परीक्षा नाही. प्रवासात उजेड क्षणाक्षणाला बदलत असतो, तेव्हा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे भिंगातील छिद्राचा आकार आपण ठरवायचा आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने, ही पद्धत नवख्यालाच नव्हे तर मुरलेल्या छायाचित्रकारालाही सोयीची पडते. छिद्र, शटरचा वेग आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) या तिन्ही घटकांचे नाते मात्र समजलेच पाहिजे. छिद्र एफ क्रमांकाने सांगतात, आणि हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ ८, १/१२५ सेकंद आणि आयएसओ १०० यांनी जितका उजेड नोंदवला जातो, तितकाच एफ ५.६, १/२५० सेकंद आणि आयएसओ १०० यांनी नोंदवला जातो, कारण छिद्र एक पायरी मोठे केल्याने दुप्पट झालेला उजेड शटरने निम्मा केलेला असतो. चित्राचा उजळपणा तोच राहतो. बदलते ते इतकेच की पहिल्या चित्रात जास्त खोलीपर्यंत सुस्पष्टता मिळते आणि दुसऱ्यात हालचाल अधिक चांगली गोठते.

बर्फाच्या करडेपणाचे मूळ कॅमेऱ्यातील प्रकाशमापकात आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरून तो उजेड मोजतो. चौकट बर्फाने भरली की त्याला ती फार उजळ वाटते आणि तो तिला करडेपणाकडे ओढतो. काळ्याभोर खडकाच्या बाबतीत उलट होते आणि खडक फिकट येतो. म्हणून बर्फात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय, एक ते दोन पायऱ्या अधिक ठेवावे, काळ्या खडकांपुढे साधारण एक पायरी उणे. मग हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात गडद (डावीकडे) ते उजळ (उजवीकडे) भाग किती आहेत हे दाखवणारा आलेख, पाहावा. तो उजव्या कडेला चिकटून कापला गेला असेल तर शुभ्र भागातील तपशील हरवला आहे, आणि तो नंतर परत आणता येत नाही.

आणखी एक जुना आडाखा पाठ करावा : स्वच्छ उन्हात एफ १६ ठेवले, तर शटरचा वेग आयएसओच्या आकड्याच्या व्यस्त ठेवायचा, म्हणजे आयएसओ १०० असेल तर सुमारे १/१०० सेकंद. असे आकडे पाठ असण्याचा उपयोग काय, हे अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे काढलेल्या चंद्रोदयाच्या छायाचित्रावरून कळते. मावळतीचे ऊन दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवरून सरकत होते आणि त्यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता २५० कँडल प्रति चौरस फूट असते हे त्यांच्या लक्षात होते. त्यावरून हिशेब करून त्यांनी एफ ३२ आणि एक सेकंद ठरवले. दुसरे चित्र घेण्यासाठी दोन्ही बाजूंना फिल्म असलेला होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. तंत्र हाताच्या सवयीचे व्हायला हवे, असे मी आग्रहाने सांगते ते अशा क्षणांसाठी.

प्रश्न : जंगलातली छायाचित्रे हलल्यासारखी येतात, आणि धबधबा दुधासारखा कसा आणतात?

उत्तर : दोन्हींचे उत्तर शटरच्या वेगात आहे. कॅमेरा हातात धरून काढताना शटरचा वेग निदान भिंगाच्या मिलिमीटरच्या व्यस्त असावा : २०० मिलिमीटरला १/२०० सेकंद, आणि सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातील उजेड टिपणारा भाग, एपीएस-सी या लहान आकाराचा असेल तर दीडपट वेगवान, म्हणजे सुमारे १/३००. झाडांच्या दाट छायेत यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर निःशंकपणे वाढवावा. चित्रातला थोडा रवाळपणा चालतो, हललेले चित्र सुधारता येत नाही. भिंगातील किंवा कॅमेऱ्यातील स्थिरीकरण हाताची थरथर सावरते, वाऱ्याने हलणारे पान थांबवत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

धबधब्याचे पाणी १/४ सेकंद ते एक सेकंद या वेळात रेशमासारखे दिसू लागते. त्यासाठी ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि दिवस उजळ असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारी काच, लागतो. एनडी ८ हा फिल्टर उजेड एक अष्टमांश करतो, म्हणजे तीन पायऱ्या कमी करतो. पण प्रत्येक धबधब्याचे दूध करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उंचावरून कोसळणाऱ्या पाण्याचा जोर १/१००० सेकंदात जास्त खरा उतरतो. संथ, पायरीपायरीने उतरणाऱ्या ओढ्याला लांब वेळ शोभतो.

अशा ठिकाणी एकच फिल्टर न्यायचा असेल तर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारी फिरती काच, न्यावा. ओल्या पानांसमोर तो हळूहळू फिरवून पाहा : एका ठरावीक कोनात पानावरची पांढरी चकाकी पुसली जाते आणि खालचा गडद हिरवा रंग, अगदी शिरांसकट, वर येतो. ही चकाकी संगणकावर अशी काढता येत नाही, कारण तिच्याखालचा रंग चित्रात चकाकीनेच झाकलेला असतो. आकाशावर त्याचा परिणाम सूर्यापासून नव्वद अंशांच्या दिशेला सर्वाधिक असतो. त्यामुळे फार रुंद भिंगावर आकाशाचा एकच पट्टा गडद दिसतो, तेथे तो काढून ठेवावा.

प्रश्न : अनोळखी माणसांची छायाचित्रे काढताना संकोच वाटतो. दुरून, न सांगता काढली तर चालतील का?

उत्तर : तुमचा संकोच हा चांगला गुण आहे, तो घालवू नका. गर्दीच्या दृश्यात माणसे येणे वेगळे आणि एखाद्याचा चेहरा हाच विषय असणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात विचारावे. भाषा येत नसेल तर कॅमेऱ्याकडे बोट दाखवून, भुवया उंचावून विचारता येते आणि नकार तर कुठल्याही भाषेत समजतो. तो आल्यावर कॅमेरा खाली घ्यावा, पुन्हा दुरून प्रयत्न करू नये. मुलांच्या बाबतीत सोबतच्या मोठ्यांची परवानगी घ्यावी. प्रार्थनास्थळे, लष्करी जागा आणि संग्रहालये यांचे नियम आधी पाहावेत. विचारल्याने सहजता जाते ही भीती काही अंशी खरी आहे, पण ती पहिल्या मिनिटापुरती. आधी कॅमेरा बाजूला ठेवून माणसाशी बोलावे, त्याचे काम पाहत बसावे. थोड्या वेळाने तो पुन्हा आपल्या कामात गुंततो आणि तेव्हा काढलेले चित्र चोरून काढलेल्या चित्रापेक्षा जवळून आणि मोकळेपणाने काढलेले असते. तो मोकळ्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून बसलेला असेल असे पाहावे आणि फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवावा. छायाचित्र पाठवण्याचा शब्द दिला असेल, तर तो पाळावाच.

प्रश्न : प्रवासातून दीड-दोन हजार छायाचित्रे घेऊन येतो आणि मग ती उघडूनही पाहिली जात नाहीत. यातून शिकायचे कसे?

उत्तर : मुक्कामाच्या ठिकाणी रोज रात्री दोन प्रती कराव्यात आणि त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात, एक पिशवी हरवली तरी प्रवास वाया जात नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहून काही पुसू नये. कॅमेरा देत असेल तर रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद जवळपास तशीच ठेवणाऱ्या फाइलवर, काढावे : जेपेग या नेहमीच्या, आकुंचित फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, तर चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४, आणि सावलीतला भाग उजळताना हा फरक स्पष्ट दिसतो.

निवड मात्र परत आल्यावर आठवड्याभराने करावी, कारण चढणीचे श्रम आणि त्या दिवसाचा आनंद ताजा असेपर्यंत आपण आठवण पाहत असतो, छायाचित्र नव्हे. पहिल्या फेरीत फोकस चुकलेली आणि एकासारखी एक असलेली छायाचित्रे बाजूला काढावीत, दुसऱ्या फेरीत वीस ठेवावीत. या विसांची माहिती उघडून भिंग, वेळ, एफ क्रमांक आणि शटर वहीत लिहावे. आता बाजूला काढलेल्यांपैकीही वीस घ्यावीत आणि प्रत्येकीपुढे ती का सोडली हे एका ओळीत लिहावे : क्षितिज तिरके, डोक्यातून खांब उगवलेला, उजेड डोक्यावरचा, विषयापासून फार दूर. वीस ओळींत दोन-तीन कारणे पुन्हा पुन्हा येतील. पुढच्या प्रवासाला निघताना ती दोन-तीन कारणे एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत, बॅटरीच्या कप्प्यात ठेवावीत.