काळी, पांढरी आणि पाऊस गेल्यावरची पेरणी

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. पाऊस ऑक्टोबरातच गेला, रानात मोटर नाही की पाइप नाही, मग ज्वारी आजोबांच्या डोक्याच्या वर कशी गेली? आणि आजी गावाला ‘पांढरी’ आणि रानाला ‘काळी’ का म्हणते? दोन्हींचं उत्तर मातीत आहे. तू अजून पंधरा दिवस तिथंच आहेस, तेव्हा वाचता वाचता हाताने करूनही बघ.

ज्वारीच्या दोन ओळींच्या मध्ये वीतभर उकर. वरची दोन-तीन बोटं माती कोरडी, भुसभुशीत लागेल, खालची गार आणि ओलसर. त्या खालच्या मातीचा लिंबाएवढा गोळा घे, थोडं पाणी लावून मळ, तळहातावर पेन्सिलीएवढी वळी कर आणि तिची बांगडी वळव. न तुटता बांगडी झाली तर रान भारी. मग ती चार दिवस उन्हात ठेव. आक्रसेल, बहुतेक तडकेल. भिजली की फुगायचं आणि वाळली की भेगाळायचं, हाच काळ्या मातीचा स्वभाव. काळा पाषाण झिजून झालेली ही चिकणमाती इतकी बारीक असते की पाणी तिच्या पापुद्र्यांमध्ये शिरून बसतं आणि सहजी सुटत नाही.

आता हिशेब बघ. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या दहापट. त्यात जून-जुलैचा भरवसा नाही, मृग बरसला तरी पुढं तीन-तीन आठवडे ओढ देतो. त्यातल्या त्यात खात्रीचा पाऊस उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. तो संपेपर्यंत मीटरभर खोल काळ्या रानात पिकाला घेता येईल असं १५० ते २०० मिलिमीटर पाणी मुरलेलं असतं. १५० धरलं तरी एकराला सहा लाख लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे साठ टँकर. तुला पाइप दिसला नाही, कारण टाकी पायाखाली आहे.

पण टाकी आपोआप भरत नाही आणि आपोआप टिकतही नाही. पावसाळ्यात हे रान मोकळं ठेवतात, त्याला पडीक समजू नकोस. पावसाची उघडीप मिळाली की कुळव, म्हणजे माती भुसभुशीत करून तण काढायचं औजार, फिरवायचा, तीन-चार पाळ्या. तण उगवलं की तेच पाणी पिऊन टाकतं. उतार असेल तर रानात चौकोनी वाफे पाडतात, साधारण दहा मीटर बाय दहा मीटरचे, म्हणजे पाणी पळत नाही, जागच्या जागी मुरतं. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. दोन चाड्यांच्या पाभरीनं, म्हणजे बी पेरायच्या औजारानं, दीड फुटावर ओळ, एकरी चार किलो बी, आणि ते पडायचं ओलीवर, दोन-तीन इंच खोल. लवकर पेरलं तर खोडमाशी पोंगा, म्हणजे रोपाचा मधला कोवळा कोंब, मारते. उशीर झाला तर दाणा भरायच्या वेळी खाली ओल उरत नाही. मग ताटं आतून पोकळ होऊन आडवी पडतात. त्याला खडखड्या म्हणतात. वाऱ्यात ते रान खरंच खडखडतं.

खरं कसब मात्र कोळपणीत, म्हणजे ओळींमधली वरची माती औजारानं हलवण्यात, आहे. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं. या तिसऱ्या वेळी तण फारसं नसतंच. तेव्हा काम भेगांचं असतं. जमीन वाळत जाते तशी भेग खाली उतरते, तिच्या दोन्ही अंगांनी ओल उडते आणि ज्वारीची मुळं तुटतात. दातेरी कोळप्यानं वरची माती भुरभुरीत होऊन भेगेत पडते आणि भेग बुजते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं आपल्याकडचे शेतकरी म्हणतात ते याचसाठी.

हे शहाणपण दुष्काळांनी शिकवलं, आणि त्याची किंमत फार मोठी होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानं हा मुलूख होरपळला. सोलापुरातली पहिली कापडगिरणी, जिला लोक जुनी मिल म्हणतात, ती १८७७ सालची आहे. पोटासाठी रान सोडून शहरात आलेली माणसं गिरण्यांत लागली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आणि चादरीचं सोलापूर घडलं. त्याआधीच, १८७१ मध्ये, शहराच्या उत्तरेला आदिला नदी अडवून एकरूखचा तलाव पुरा झाला होता. तुम्ही परवा पक्षी बघायला गेलात तो हिप्परगा तलाव हाच. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. आजोबा पेरतात ती मालदांडी ३५-१ सुद्धा मोहोळच्या केंद्रावर गावठी मालदांडीतून निवडलेली आहे.

बांधांचीही एक गोष्ट नीट समजून घे. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर इथं उताराला आडवे समपातळी बांध मोठ्या प्रमाणावर घातले गेले. हलक्या आणि मध्यम रानात ते कामी आले. भारी काळ्यात मात्र गोची झाली. पाणी बांधाच्या वरच्या अंगाला तुंबून राहायचं, तिथलं पीक पिवळं पडायचं; उन्हाळ्यात बांधच भेगाळायचा आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटायचा. कारण बांधही त्याच मातीचा! म्हणून भारी रानात जादा पाण्याला थोडा ढाळ देऊन वाट काढून देतात आणि बाकीचं आत्ता सांगितलेल्या वाफ्यांत मुरवतात. माणसानं जमिनीला आकार द्यायचा, पण तिचा स्वभाव ओळखून. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता पांढरी. आजीच्या घरामागं जुन्या वाड्याचा ढिगारा आहे, तिथली चिमूटभर माती घेऊन वर सांगितलेली बांगडी करून बघ. जमणार नाही, वळी तुटेल. ही माती निसर्गानं दिलेली नाही, माणसांनी राहून राहून केलेली आहे. भिंती पडल्या, त्यावर नव्या उभ्या राहिल्या, चुलीची राख, शेण, भुसा, खापऱ्या, सगळं एकावर एक मुरत गेलं आणि गाव आजूबाजूच्या रानापेक्षा उंच झालं, मातीचा रंगही उजळला. म्हणून वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकायची ती काळी. काळीवर घर बांधत नाहीत, कारण पायाच हलतो. पावसाळ्यात जमीन फुगून भिंत उचलते, उन्हाळ्यात ढिली सोडते, आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. आता कॉलन्या काळ्या रानातच होतात, तिथं खाली मुरूम लागेपर्यंत खोदून मग पाया घ्यावा लागतो. ज्यांनी ते टाळलं त्यांच्या भिंती बघ.

तू ज्या माळवदावर बसून कडक भाकरी खातेस, तेही पांढरीचंच. खाली तुळया, त्यावर आडव्या दांड्या, त्यावर काटक्यांचं किलचन आणि पाला, वर फूटभर माती. पाऊस कमी म्हणून सपाट छत चालतं. कोकणात पहिल्या आठवड्यात ते खाली येईल. दरसाल मृगाच्या आधी वर पांढरी पसरून चोपायची आणि पन्हाळ्याकडं ढाळ ठेवायचा. नाहीतर चार दिवसांची झड लागली की गळतंच. त्याचं एक दुःखही तुला माहीत असायला हवं: फूटभर जाडीच्या एका चौरस फूट मातीचं वजन ४५ किलोच्या आसपास भरतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि असली जड माळवदं झोपलेल्या माणसांवर पडली. उन्हात गार ठेवणारं छतच तिथं जिवावर उठलं. म्हणून जुनं घर राखायचं तर माती थरावर थर वाढवत न्यायची नाही, आधीची खरवडून मग नवी घालायची.

पेवही पांढरीतलंच. अरुंद तोंडाचा, आत रुंद होत गेलेला खड्डा. आतून भाजून, शेणामातीनं लिंपून, कडेनं भुसकट लावून त्यात ज्वारी भरायची आणि तोंड बंद करायचं. आत हवा नाही म्हणून कीड मरते आणि दाणा वर्षानुवर्षं टिकतो. दुष्काळी मुलखाची ही बँक. पण पेव उघडलं की कुणी लगेच उतरायचं नाही. काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर आत जीव गुदमरवणारी हवा आहे. तुला कुठं जुनं पेव दिसलं तर आत वाकू नकोस.

शेवटचा भाग उजनीचा. १९८० मध्ये भीमेवर धरण पुरं झालं, ११७ टीएमसीचं, आणि कालव्याखालचं रान पालटलं. जिथं शाळू, म्हणजे हीच रब्बीची ज्वारी, होता तिथं ऊस आला. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी लागतं, म्हणजे आभाळातून पडतं त्याच्या जवळजवळ चौपट. पहिली काही वर्षं पीक जोरात येतं. त्या पैशानं कितीतरी घरांची उपासमार संपली, मुलं शिकली, म्हणून शेतकऱ्याला नावं ठेवू नयेत. पण काळी माती पाणी धरते तसं ते सोडत नाही. निचरा नसला की खालची पाण्याची पातळी वर येते, क्षार घेऊन येते, उन्हात पाणी उडतं आणि वर पांढरा थर उरतो. रान क्षारपड होतं. त्याहून चिवट चोपण: सोडियम वाढून माती घट्ट बसते, पाणी वरच तुंबतं, सामू, म्हणजे पीएच, ८.५ च्या वर जातो. क्षारपडीला चर खोदून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षार धुऊन काढतात. चोपणला नुसतं धुऊन भागत नाही, माती तपासून त्या मापानं जिप्सम घालावं लागतं, मग धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलावर यायच्या आधी गाडायचा. आधी निचरा, मग जिप्सम. उलटं केलं तर पैसा पाण्यात.

येत्या येळवसेला आजी-आजोबांबरोबर रानात जाशील. मार्गशीर्षातली ही अमावास्या, शेजारच्या कन्नड मुलखातही एळ्ळु अमावस्या म्हणून होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून मांडतात, भज्जी, उंडे आणि अंबील यांचा नैवेद्य दाखवतात आणि अंबील रानभर शिंपडतात. तेव्हा ज्वारी कुठं पोटऱ्यात, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, तर कुठं दुधात असते. वरून थेंब पडायची आशा नाही आणि दाणा भरायचाय, अशा दिवसांत सगळं घर रानात जेवतं. त्या दिवशी कुणीही वाटसरू आला तरी त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, तेव्हा वाढायला तूही उभी राहा.

जमलं तर त्याच दिवशी एक काम कर. आजोबांना विचार, तिसरी कोळपणी कधी झाली. मग कोळपलेल्या रानातली आणि शेजारच्या न कोळपलेल्या रानातली अशा दोन भेगा पट्टीनं मोज, रुंदी आणि खोली दोन्ही. खोलीला काठी घाल, हात नको. भेगेत विंचू असतात. आकडे वहीत लिहून मला पाठव.

तुझी,
आई