गायसुद्धा पान्हा चोरते

‘ताई, मला सातवा महिना आहे. हे दुसरं. पहिल्या वेळी घरी दर दहा मिनिटांनी कळा येत होत्या, दवाखान्यात पोचले आणि थांबल्याच. सिस्टर म्हणाल्या, नाटकं करते. मग सलाईनमधून कळांचं औषध लावलं. त्या कळा सोसवेनात. लेक कुशीत दिली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. तिसऱ्या दिवसापासून नुसतं रडू. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी असली थेरं नव्हती. माझ्यात आईपणच कमी आहे का?’

नाही गं. आणि नाटकंही नव्हती ती.

माझ्या आजीच्या गोठ्यात गाय व्यायला आली की आजी आम्हा पोरांना हाकलून द्यायची, कंदीलसुद्धा लांब ठेवायची. धारेला नवा माणूस बसला की तीच गाय पान्हा चोरायची. कास भरलेली, पण भांड्यात धार नाही. आजी कासेवरून कोमट पाण्याचा हात फिरवायची, वासरू समोर आणायची, की लागली धार. आजीला ऑक्सिटोसिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण तिचा सगळा व्यवहार त्याच्याशीच चालला होता. गर्भाशयाला कळा आणणारा आणि पान्हा फोडणारा हार्मोन एकच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून तो रक्तात येतो. भीती वाटली की अंगात ॲड्रेनालिन चढतं आणि ते नेमकं त्याच्या आड येतं. झगझगीत दिवे, अनोळखी चेहरे, वर कुणाची तरी टोचणी. अशात सुरुवातीच्या कळा मंदावणं अगदी स्वाभाविक आहे. कधी तर घाबरण्यासारखं काही नसतानाही त्या थांबतात. तुझ्या बाबतीत नेमकं काय झालं ते मी इथे बसून सांगू शकणार नाही, पण तुझा गुन्हा काहीच नव्हता.

आता सलाईनबद्दल. त्यातलं ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनतं. व्हिन्सेंट द्यू विग्नो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते १९५३ मध्ये तयार केलं आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शरीराचं स्वतःचं ऑक्सिटोसिन लाटांसारखं येतं, आणि कळा वाढत जातात तशी शरीराची स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे एंडॉर्फिन्स, वाढत जातात. बाहेरून दिलेलं औषध गर्भाशयापर्यंत पोचतं, मेंदूपर्यंत फारसं नाही. शिवाय त्या कळा एकदम जोरात सुरू होऊ शकतात, म्हणून अनेकींना त्या जास्त झोंबतात. म्हणून यावेळी सलाईनला नकारच द्यायचा असं नाही. गरज असेल तिथे ते जीव वाचवतं. बाळ झाल्यावर रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून याच औषधाचं इंजेक्शन देतात, तेही नक्की घे.

आणि ते रडू. वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणात वाढलेले हार्मोन्स काही दिवसांत धाडकन खाली येतात. त्यात झोप नाही, टाके दुखतायत, दूध भरून येतंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कितीतरी बाळंतिणी अशा रडतात. सासूबाईंच्या वेळीही रडत असणार, पदराआड. बाळ पाहताक्षणी ऊर भरून यायलाच हवा असंही नाही. काहींची माया सावकाश लागते.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ‘हार्मोन्स आहेत, जाईल’ म्हणून बाईचं ऐकायचंच नाही, ही नवी पळवाट झाली आहे. तू रडलीस त्यात हार्मोन्स होते, आणि ‘नाटकं’ हा शब्दही होता.

तेव्हा आता पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मागच्या वेळचं सगळं सांग, अगदी सिस्टरच्या वाक्यासकट. लेबर रूममध्ये सोबत कोण येऊ शकतं ते आत्ताच विचार. सरकारी दवाखान्यांत अशी सोबतीण चालेल, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ मध्येच सांगितलं आहे. खाजगीतही आग्रह धर. आई, बहीण, कुणीही चालेल, फक्त तिने उपदेश करू नये.

रडू दोन आठवड्यांपलीकडे गेलं, किंवा स्वतःचं नाहीतर बाळाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर लाजू नकोस, लगेच डॉक्टर गाठ. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ हा फोन फुकट आहे.

नवऱ्याला मात्र आजच सांगून ठेव: तिसऱ्या दिवशी मी रडले तर ‘काय झालं’ असं दहादा विचारू नकोस. बाळाला घे, दार लोटून घे आणि मला दोन तास झोपू दे.