आई-बाबा श्टुटगार्टला येतायत ना, मग…

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. आई-बाबा मेमध्ये इकडे जर्मनीत येतायत, तीन महिने राहणार, आणि तू आत्तापासूनच पॅरिस, प्राग, स्वित्झर्लंड असा तक्ता मांडून बसलायस. तक्ता झकास आहे. पण त्यात सोमवार ते शुक्रवारचे दिवस कोरे आहेत, आणि खरी कसोटी तिथेच आहे. तू ऑफिसात असताना ती दोघं काय करणार? ‘आराम करतील’ हे उत्तर असेल, तर तिसऱ्या आठवड्यात बाबा परतीच्या तिकिटाची तारीख विचारायला लागतील. जन्मभर स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या माणसांना दूध आणायलासुद्धा मुलाची वाट बघावी लागली, की ती चिडचिडी होतात. म्हणून त्यांना फिरवण्याआधी, त्यांना एकटं फिरता येईल असं कर.

आधी कागदपत्रं उरकू. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि त्यात येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात. मे, जून, जुलै मिळून ९२ दिवस होतात, तेव्हा तिकीट काढताना बोटं मोज. व्हिसाची फी माणशी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण जुन्या दुखण्यांसाठी अशा विम्याच्या भरवशावर राहू नकोस. बाबांच्या बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. त्यांच्या व्हिसासाठी तुझं हमीपत्र परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून घ्यायचं, त्याचे २९ युरो. त्यावर सही करताना नीट वाच: राहणं-जेवण, औषधपाणी, वेळ पडलीच तर परत पाठवण्याचा खर्च, सगळं तुझ्या डोक्यावर. ते सहा महिन्यांच्या आत वापरावं लागतं, म्हणून फार आधी काढून उपयोग नाही. पण आपल्या गावात अपॉइंटमेंट मिळायला किती वेळ लागतो ते तू पाहिलंच आहेस, तेव्हा तारीख आत्ताच मागून ठेव.

घरमालकाचं म्हणशील, तर साधारण सहा आठवड्यांपर्यंत पाहुणा ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. आई-वडिलांच्या बाबतीत त्याहून जास्त मुक्कामालाही सहसा कुणी हरकत घेत नाही, तरी एक मेल टाकून ठेव. घर एका खोलीचं आहे, शेजाऱ्यांचं लक्ष असतं.

सामानाबद्दल आईला आजच फोन कर. तूप, पेढे, खवा, पनीर यांतलं काहीही आणायचं नाही. भारतातून येणाऱ्यांना युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कढीपत्त्याची जुडीही नाही. ताज्या पाला-भाजीला कृषी खात्याचं प्रमाणपत्र लागतं. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कोकम खुशाल आणू दे. ती म्हणेल, ‘कपड्यांत गुंडाळून आणते, कोण बघतंय!’ तिला सांग, कस्टमवाले बघतात.

उतरायला फ्रांकफुर्टचं तिकीट काढ, आणि व्हीलचेअर आधीच नोंदव. बाबा खवळतील, ‘मी काय अपंग आहे?’ पण तिथे प्रश्न पायांचा नसतो. एवढं मोठं विमानतळ आणि इमिग्रेशनची रांग यांतून कुणीतरी हात धरून बाहेर आणतं, भाषेची अडचण उरत नाही. विमानतळावरूनच आयसीई, म्हणजे इथली वेगवान रेल्वे, मिळते, सव्वा तासात इथे. मात्र आपल्या मुख्य स्टेशनवर २०१० पासून खोदकाम चाललंय, आणि फलाटापासून शहरात येईपर्यंत भली मोठी पायपीट आहे. बॅगा तू उचल, आणि त्या दिवशी टॅक्सीच्या पैशांकडे बघू नकोस.

आता मुख्य गोष्ट. पहिल्याच दिवशी दोघांना घराची एकेक किल्ली दे आणि इथलं दार नुसतं लागलं तरी बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, ते करून दाखव. आपल्याकडे दार ओढून घेतलं तरी बाहेरून कडी काढता येते, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की सांगून कळत नाही. आमच्या ओळखीचे एक काका जावयाकडे आले होते. दुपारी कचऱ्याची पिशवी घेऊन बनियन-लेंग्यावर खाली गेले, मागे वाऱ्याने दार लागलं. फोन आत, चष्मा आत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना घरात नेऊन कॉफी पाजली आणि जावयाच्या ऑफिसात फोन लावला. दोन तासांनी जावई धापा टाकत आला, तेव्हा काका त्या बाईंच्या नातवंडांचे फोटो बघत बसले होते. सगळ्यांचं नशीब इतकं चांगलं नसतं. कुलूपवाल्याला बोलावलंस तर तो शंभर-दोनशे युरो सहज घेऊन जाईल. तिसरी किल्ली शेजारी ठेव. त्या निमित्ताने आई-बाबांची ओळखही करून दे, आईच्या हातची चकली घेऊन जा.

दोघांच्या नावाने डॉइचलांड-टिकीट काढ. माणशी महिन्याला ६३ युरो, लोकल, ट्राम, बस, साध्या गाड्या सगळं त्यात. आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या तेवढ्या नाहीत. वर्गणी आहे, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केली नाहीस तर पुढचे पैसे कापले जातील. पण हे तिकीट घे म्हणजे घेच. कारण सुट्या तिकिटाचे रुपये मोजत बसले, की बाबा घराबाहेर पडायचे नाहीत. खिशात पास असला की तेच म्हणतील, ‘चला, पैसे भरलेत तर फिरून येऊ.’ पहिल्या शनिवारी त्यांना मारिएनप्लाट्स चौकातून वर टेकडीवरच्या देगरलोखला जाणाऱ्या दातेरी रेल्वेत बसव. १८८४ पासून चालतेय, वर जाताना सगळं शहर खाली दिसतं. येताना त्यांना पुढे घाल, तू मागे राहा. चुकले तर चुकू दे. सोमवारी ते एकटे जातील.

सुट्ट्यांचं तुझं गणित उलटं आहे. पहिला आठवडाभर रजा कशाला? त्या दिवसांत ती दोघं पहाटे तीनला उठून बसतात आणि संध्याकाळी सातला पेंगतात. रजा शेवटच्या महिन्यासाठी राख. आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. ‘दिवेलागण झाली नाही, आत्ता कसलं जेवायचं?’ म्हणून आई ताटं वाढायची नाही. घड्याळाकडे बोट दाखव.

रविवारी दुकानं बंद, हे शनिवारी सकाळीच सांग. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे हे रोज सांगावं लागेल, तरी बाटल्यांत उकळलेलं पाणी भरलेलं दिसेलच. रात्री १० नंतर मिक्सर नाही. घरून काम असेल त्या दिवशी मीटिंगच्या वेळा फ्रीजवर मराठीत लिहून लाव, नाहीतर बशीत पोहे घेऊन आई कॅमेऱ्यात येईल. तुझे सहकारी खूश होतील, ते सोड. स्वयंपाकघर ती तिच्या पद्धतीने लावेल, लावू दे. दुखलं-खुपलं तर दवाखाने बंद असताना डॉक्टरी मदतीसाठी ११६११७ आणि खरोखर तातडीचं असेल तर ११२, हे दोन्ही आकडे त्यांच्या फोनमध्ये घाल.

मित्रांचं वेगळं. तुझं घर स्वित्झर्लंडच्या वाटेवर आहे हे पुण्यात एकदा कळलं, की उन्हाळाभर ‘भावा, दोन रात्री टेकू का?’ सुरू होतं. येऊ दे, पण येण्या-जाण्याची तारीख तिकीट काढण्याआधी विचार. त्यात उद्धटपणा काही नाही. आई-बाबा असताना मात्र चक्क नाही म्हण. एका खोलीत चौथी गादी पडली, की आई पाहुण्यांसाठी पोळ्या लाटायला उभी राहते, आणि तिची सुट्टी तिथेच संपते.

आणखी एक, तुझी शेगडी इंडक्शनची आहे असं आठवतंय. आईला साधा ॲल्युमिनियमचा कुकर आणायला सांगू नकोस, तो तापणारच नाही. माझ्याकडे स्टीलचा जादा पडलाय, शिट्टीसकट. शनिवारी फॉयरबाखच्या बाजारात येणार असशील तर घेऊन जा. हमीपत्राचे कागद आणलेस तर तेही बघून देते.

तुझी,
ताई