जुन्या जीपच्या आतल्या फ्लोअरला कोणतं कोटिंग मारावं?
महिंद्रा एमएम ५४० सारख्या जुन्या जीपचा फ्लोअर चिखल-पाण्यात टिकवायचा असेल तर हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन बेडलायनर (पिकअपच्या हौद्यात मारतात ते जाड, चिवट कोटिंग) घ्या. बूट, जॅक, हत्यारं सगळं सोसतं, पाइप लावून धुताही येतं. गाडीखाली मारतात ते डांबरी कोटिंग आत नकोच. उन्हात मऊ पडतं, वास येतो.

पण खरं काम त्याआधीचं. सीटच्या बोल्टांजवळ आणि सांध्यांत स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आत गेला तर आधी वेल्डिंग. मग गंज घासा, इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), सांध्यांच्या फटी बुजवायला सीम सीलर, शेवटी लायनर. पाणी जायची भोकं बुजवू नका.

स्प्रे करताना साधा कापडी मास्क चालत नाही हो, यात आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. योग्य रेस्पिरेटर नसेल तर पेंटरकडूनच करून घ्या. वरून कार्पेट नको, सुटी रबरी मॅट ठेवा.