वाचकांचे प्रश्न : आलिशान आणि वेगवान एसयूव्ही घेताना

महागड्या, दणकट इंजिनाच्या एसयूव्हींविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. मुंबई-ठाण्यात राहून अशी गाडी बाळगणाऱ्या किंवा बाळगू इच्छिणाऱ्या वाचकांचीच ही पत्रे असल्यामुळे करांचे दर महाराष्ट्राचे आणि रस्ते मुंबईचे धरले आहेत.

प्रश्न : मी वास्तुविशारद आहे. एक कोटी दहा लाखांच्या आसपास खर्च करण्याची तयारी आहे. या पैशांत सहा सिलिंडरची नवी एसयूव्ही येते. किंवा मूळ किंमत दोन कोटींच्या वर असलेली, चार वर्षे वापरलेली, आठ सिलिंडरची, सहाशे अश्वशक्तीची गाडी मिळते. रोजचा प्रवास वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत आणि महिन्यातून एकदोनदा पुणे. निम्म्या किमतीत दुप्पट गाडी मिळत असताना नवी घेणे शहाणपणाचे ठरेल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : आपला हिशेब गाडी ताब्यात घेण्याच्या दिवसापुरता बरोबर आहे. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत उतरत नाही. ती दरवर्षी थोडी वाढतेच. एक कोटी दहा लाखांना घेतलेली ती गाडी आपल्याकडून ब्रेक, टायर, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) आणि गिअरबॉक्सचे तेल यांसाठी दोन कोटींच्या गाडीइतकाच पैसा मागणार आहे, आणि तोही नेमका कंपनीची वॉरंटी संपण्याच्या सुमारास मागू लागणार आहे.

आता वेगाकडे पाहू. सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू एक्स५ किंवा मर्सिडीजची जीएलई ४५० या ३८१ अश्वशक्तीच्या पेट्रोल गाड्या आहेत आणि उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग त्या सुमारे साडेपाच सेकंदांत गाठतात. एक्स५ एम कॉम्पिटिशन किंवा ऑडीची आरएस क्यू८ हेच काम ३.८ सेकंदांत करते. हा फरक अंगाला जाणवतो, त्यात आनंदही आहे, आणि त्या आनंदासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. परंतु किनारी रस्त्यावर सरळ भागात ताशी ८० किलोमीटरची आणि बोगद्यात ६० ची मर्यादा आहे, अटल सेतूवर १०० ची आहे, पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १०० ची आणि घाटात ६० ची आहे, आणि कॅमेरे सर्वत्र आहेत. सहाशे अश्वशक्तीपैकी बरीचशी धारावीच्या सिग्नलवर पेट्रोल जाळत उभी राहील.

वापरलेल्या गाडीचा भाव ठरवताना आणखी एक गोष्ट विक्रेते सोयीने विसरतात. १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या एसयूव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर, म्हणजे एकूण ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरसकट ४० टक्के झाला. शंभर रुपयांच्या मूळ किमतीची गाडी दीडशेऐवजी एकशेचाळीस रुपयांना, म्हणजे जवळजवळ सात टक्क्यांनी स्वस्त झाली. त्याआधी, २०२४ मध्ये, रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जुळणी पुण्यात सुरू झाली आणि त्यांच्या नव्या गाड्यांच्या किमती चांगल्याच खाली आल्या. ज्यांनी आधी आयात गाडी घेतली होती त्यांच्या फेरविक्रीच्या भावाला तेव्हाच कात्री लागली. तेव्हा विक्रेता जुने बिल दाखवून ‘मूळ किमतीच्या निम्म्यात’ असे म्हणू लागला, तर तुलना त्या बिलाशी करू नये. त्याच प्रकारची नवी गाडी आज कितीला येते याच्याशी करावी.

तरीही मन आठ सिलिंडरकडेच ओढत असेल, तर काही गोष्टी पैसे देण्यापूर्वी कराव्यात. चासी क्रमांकावरून त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रातून संपूर्ण इतिहास मागवावा आणि तपासणीही तेथेच, स्वखर्चाने करून घ्यावी. किलोमीटरचा आकडा केवळ डॅशबोर्डवर नसतो. अनेक गाड्यांत तो अन्य नियंत्रक यंत्रणांतही नोंदलेला असतो, आणि स्कॅनर लावला की मीटर मागे फिरवला असल्यास तफावत दिसू शकते. इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून शक्ती वाढवलेली गाडी सरळ नाकारावी, कारण अशा गाडीची वॉरंटी कंपनी नाकारू शकते आणि आधीच्या मालकाने गाडी कशी हाकली असेल याचा अंदाजही त्यावरून येतोच. एअर सस्पेन्शनची परीक्षा सोपी आहे: गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहावी, एखादा कोपरा खाली बसलेला दिसला तर हवा गळते आहे असे समजावे. इंजिन पूर्ण थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगावे. विक्रेत्याने आपण पोहोचण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी न कळवता जावे.

टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. चार वर्षांच्या गाडीला मूळचेच टायर असतील तर ते लवकरच बदलावे लागणार हे गृहीत धरून भाव करावा, आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीचे टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा कमी-अधिक झिजलेले असतील तर का, हे विचारावे. सुमारे सव्वादोन टनांची गाडी ३.८ सेकंदांत शंभरावर नेणारी शक्ती शेवटी याच रबरातून रस्त्यावर उतरते.

माझे मत विचाराल तर आपल्या वापरासाठी नवी सहा सिलिंडरची गाडी घ्यावी. आठ सिलिंडरची तेव्हाच, जेव्हा कंपनीच्याच प्रमाणित जुन्या गाड्यांच्या विभागातून, वॉरंटी वाढवून, ती मिळत असेल आणि खरेदीच्या किमतीचा किमान दहावा भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवणे आपल्याला जड जाणार नसेल. तो दहावा भाग कर्ज काढून ठेवावा लागणार असेल, तर विषय तेथेच संपवावा.

प्रश्न : आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. दीड कोटी शोरूम किमतीची पेट्रोल एसयूव्ही कंपनीच्या नावावर घ्यावी की माझ्या? (एक उद्योजक, ठाणे)

उत्तर : महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के मोटार वाहन कर लागतो, डिझेलला १५ टक्के. कंपनीच्या नावावर हाच कर २० टक्के होतो. कराची कमाल मर्यादा पूर्वी वीस लाख होती, ती २०२५ मध्ये तीस लाख झाली. म्हणजे आपल्या नावावर साडेएकोणीस लाख आणि कंपनीच्या नावावर पूर्ण तीस लाख. साडेदहा लाखांचा हा फरक पाहून पुष्कळ जण तेथेच थांबतात, परंतु पुढचा हिशेबही करावा. गाडी कंपनीची मालमत्ता झाली की पासिंगच्या खर्चासह सुमारे एक कोटी ऐंशी लाखांवर दरवर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी नफ्यातून वजा करता येणारी रक्कम, मिळतो. पहिल्या वर्षी तो सत्तावीस लाख होतो, आणि कंपनीचा आयकर सुमारे २५ टक्के धरला तर त्या वर्षी पावणेसात लाखांची बचत होते. कर्जाचे व्याज, विमा आणि देखभाल यांचा खर्चही दाखवता येतो. गाडी आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, म्हणून दसरा-दिवाळीचा मुहूर्त येथे महाग पडू शकतो.

जीएसटीचा परतावा मात्र अशा गाडीवर मिळत नाही; विक्री प्रतिनिधी काहीही सांगो. शोरूममध्ये एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतात, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. एकूण पाहता कंपनीला नियमित नफा असेल आणि गाडी खरोखर कामासाठी फिरणार असेल, तर कंपनीच्या नावावर घेणे फायद्याचे ठरते. गाडी मुलाला कॉलेजात जाण्यासाठी हवी असेल, तर ती आपल्याच नावावर घ्यावी.

प्रश्न : दिल्ली पासिंगची, २०१८ सालची डिझेल एसयूव्ही मुंबईतल्या तशाच गाडीपेक्षा सात-आठ लाखांनी स्वस्त मिळते आहे. एजंट म्हणतो, एक वर्ष त्याच नंबरवर चालवा, काही होत नाही. (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : दिल्लीतील गाडी स्वस्त का, हे प्रथम समजून घ्यावे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने तेथे डिझेल गाडीचे आयुष्य दहा वर्षांत बांधले गेले. त्या आदेशाला न्यायालयात पुढे वळणे मिळत गेली, पण बाजाराच्या मनातली धास्ती गेलेली नाही. मुंबईत खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यामुळे आपल्याला तिची काही वर्षे अधिक मिळतील. एवढ्यापुरता सौदा खरा आहे.

एजंटाचा सल्ला मात्र ऐकू नये. मोटार वाहन कायद्यातील बारा महिन्यांची मुदत दुसऱ्या राज्यात गाडी ठेवणाऱ्या मालकासाठी आहे. आपण तर गाडी विकत घेत आहात, आणि मालकी आपल्या नावावर होईपर्यंत कागदोपत्री ती दुसऱ्याचीच राहते. अपघात झाला तर विम्याचा दावा त्यात अडकतो. योग्य मार्ग असा की, दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विक्रेत्यानेच आणून द्यावी. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घ्यावा. मग अंधेरीच्या आरटीओत नवा क्रमांक आणि हस्तांतरणासाठी अर्ज करावा. येथे महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागेल. तो गाडीच्या वयानुसार कमी होतो, परंतु मोजला जातो तो मूळ किमतीवरून आणि डिझेलच्या दराने. दिल्लीत भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा मागता येतो; तो हाती येईपर्यंत मात्र हिशेबात धरू नये. हे सगळे धरले की सात-आठ लाखांतले किती उरतात ते आकडेमोड करून पाहावे. बहुतेक वेळा मुंबई पासिंगचीच, कर भरलेली गाडी थोडे जास्त देऊन घेणे परवडते, कारण राज्यातल्या राज्यात नाव बदलताना तो कर पुन्हा लागत नाही.

दमण किंवा पुदुच्चेरीचा क्रमांक असलेली गाडी मुंबईच्याच मालकाकडून कोणी देऊ केली, तर ती मुळातच कर चुकवण्यासाठी तेथे नोंदलेली असण्याचा संभव असतो. ते ओझे आपल्या खांद्यावर घेऊ नये.

प्रश्न : रेंज रोव्हर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते असे वाचले. मग पावसाळ्यात हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलला पाणी साचले तरी काळजी नको ना? (एक वाचक, परळ)

उत्तर : तो आकडा कंपनीचा आहे आणि खरा आहे, परंतु तो संथ पाण्यातून, तळ ठाऊक असताना, अगदी हळू जाण्यासाठी आहे. हिंदमात्याला शेजारून जाणारी बेस्टची बस जी लाट उठवते तिचा त्यात विचार नाही, आणि पाण्याखाली झाकण निघालेले गटार असेल तर कोणत्याही कंपनीचा कोणताही आकडा उपयोगाचा नाही. अन्य बहुतेक वेगवान एसयूव्हींची मर्यादा तर याहून बरीच कमी असते.

हवेच्या मार्गाने इंजिनात पाणी शिरले आणि चालकाने पुन्हा चावी फिरवली की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेले दांडे) वाकतात. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. गाडी पाण्यात बंद पडली तर ती पुन्हा सुरू न करता टोइंगने नेणे हे त्या कलमाखालच्या दाव्यासाठीही महत्त्वाचे ठरते, म्हणून हे ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवावे. वापरलेली गाडी घेत असाल तर विम्याचे जुने दावे आणि जुलै ते सप्टेंबरमधल्या सर्व्हिस नोंदी मुद्दाम पाहाव्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का हे पाहावे, सीटखालच्या पट्ट्यांना गंज आहे का ते तपासावे आणि डिकीतला गालिचा उचलावा. काही गाड्यांत बॅटरी आणि नियंत्रक यंत्रणा तेथेच बसवलेल्या असतात. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विक्रेत्याचा असतो, तो गाडीबरोबर आपल्याकडे येत नाही.

प्रश्न : आमच्या नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे. मोठी एसयूव्ही बसेल का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : बुकिंगची रक्कम देण्याआधी त्या यंत्रावर लावलेली पाटी वाचावी, लांबी, रुंदी, उंची आणि वजन या चारही मर्यादा त्यावर लिहिलेल्या असतात. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत मोठ्या गाडीची जागा अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब धरली आहे. रेंज रोव्हर आरसे मिटूनही सुमारे २.०५ मीटर रुंद आणि ५.०५ मीटर लांब असते, म्हणजे दोन्ही बाजूंना वीतभरच जागा उरते आणि दार उघडून उतरायचे कसे हा प्रश्न राहतो. यंत्रातली जागा याहूनही अरुंद असू शकते आणि सुमारे १.८७ मीटर उंचीच्या गाडीसाठी खालच्या मजल्याची उंची पुष्कळदा पुरत नाही. सोसायटीच्या सचिवाचे तोंडी ‘बसेल’ पुरेसे मानू नये. शोरूमकडून चाचणीसाठी तीच गाडी घरी मागवावी, ती यंत्रावर चढवून पाहावी, आणि ती बसली नाही तर लहान गाडी निवडावी किंवा यंत्राबाहेरच्या मोकळ्या पार्किंगच्या जागेशी अदलाबदल करण्यासाठी सोसायटीची लेखी मंजुरी हाती आल्यावरच शोरूमला पैसे द्यावेत.