'साइट' आणि 'डिस्प्ले', दोन्हींना 'दर्शक' चालेल का?

प्रश्न असा आहे: लढाऊ विमानांच्या उड्डाण-चाचण्यांवरील लेखात 'हेल्मेट-माउंटेड साइट' आणि 'हेल्मेट-माउंटेड डिस्प्ले' असे दोन शब्द येतात. दोन्हींना 'शिरस्त्राण-दर्शक' म्हणावं का?

म्हणू नये. साइट वैमानिकाचं डोकं कुठे वळलंय ते मोजते आणि क्षेपणास्त्राला ती दिशा देते. डिस्प्ले वेग, उंची, इशारे डोळ्यांपुढे मांडतो. मूळ मिग-२९ च्या हेल्मेटवर नेमासाठी प्रकाशाचं वर्तुळ तेवढं होतं, वेग-उंची तिथे दिसत नसे. म्हणजे साइट होती, पण आजच्या अर्थाने डिस्प्ले नव्हता. एफ-३५ मध्ये मात्र समोरचा हेडअप डिस्प्लेच (वैमानिकापुढच्या काचेवर माहिती दाखवणारा) काढून टाकला आणि सगळं हेल्मेटवर आणलं.

साइटला 'नेमदर्शक' म्हणा, डिस्प्ले 'डिस्प्ले'च राहू द्या. 'शिरस्त्राण' म्हटलं की चिलखत आठवतं. सरळ 'हेल्मेट' लिहा. 'नजरेने नेम' हा शब्दप्रयोगही टाळा. या यंत्रणा सहसा डोळा नव्हे, डोकं मोजतात; वर्तुळ लक्ष्यावर आणायला मान वळवावीच लागते.

'बोअरसाइटिंग'ला 'नेम जुळवणे' चपखल बसतं. वैमानिक वर्तुळ कॉकपिटमधल्या ठरलेल्या खुणेवर आणून बटण दाबतो आणि तिथून कोन मोजले जातात. मग जमिनीवर, जागा मोजून ठेवलेल्या खुणांवर वेगवेगळ्या कोनांतून नेम धरून चूक मिलिरेडियनमध्ये काढतात. मिलिरेडियन हे कोनाचं एकक; १ मिलिरेडियनची चूक म्हणजे १ किलोमीटरवर १ मीटरचा फरक. डोक्याची दिशा चुंबकीय क्षेत्राने मोजणारा मापक असेल तर कॉकपिटमधला धातू ते क्षेत्र वाकवतो, म्हणून आधी कॉकपिटचा चुंबकीय नकाशा करावा लागतो. आतली उपकरणं बदलली की तो पुन्हा तपासावा लागतो. वक्र कॅनपीतून, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणातून, प्रकाश वळतो, त्याची दुरुस्ती वेगळी. जोराच्या वळणात हेल्मेट डोक्यावर सरकलं तर जुळवलेला नेम बिघडतो, आणि हे जमिनीवर कळत नाही.

डिस्प्लेच्या चाचणीत प्रश्नच निराळे: उन्हात, ढगांवरून उडताना अक्षरं वाचता येतात का, रात्री पडद्याचा उजेड बाहेरचं झाकतो का. 'लॅग'ला 'विलंब' आणि 'जिटर'ला 'थरथर' लिहा, दोन्ही एकत्र करू नका. डोकं सेकंदाला १०० अंशांनी फिरत असेल आणि विलंब ५० मिलिसेकंदांचा असेल, तर चिन्ह ५ अंश मागे राहतं. थरथर मात्र डोकं स्थिर असतानाही दिसू शकते.